डबा आपोआप उठेपर्यंत

“मी बसाला आलों नाहीं, मॅडम,” असं म्हणून ते दारातच उभे राहायचे. एक पाऊल खोलीत, एक बाहेर. चप्पल पायातच. कॉफी दिली तर उभ्याउभ्याच, वाफ निघत असताना घशाखाली घालायचे, पेला टेबलावर ठेवायचे आणि मग त्याच दारात तासभर बोलत राहायचे. बोलता बोलता दाराची कडी वर-खाली करायचे. दवाखान्यातल्या त्या दाराची कडी दोनदा सैल झाली. दोन्ही वेळा त्यांनीच ती घट्ट करून दिली, तीही उभ्याउभ्याच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बस यायच्या आधी रस्त्याच्या मधे जाऊन पाहणारी, दुसऱ्याचं वाक्य मधेच उचलून आपण पुरं करणारी. आपण त्यांना उतावळे म्हणतो आणि विसरून जातो. ह्यांना मात्र मला विसरता आलेलं नाही.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमागे कुंभकोणमला आले आणि इथल्या एका खासगी दवाखान्यात कान तपासायचं काम करू लागले. एके दिवशी ते आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलत होते. त्या बाईंनी भावाकडे वळून मोठ्याने विचारलं, “कोठें बसूं मी? ही मुलगी काय म्हणतें?” मी कानावरचं यंत्र हातात धरून तशीच थांबले. ते मराठी होतं. माझं नव्हे; कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी घरातून नेलेलं आणि अजून रोजच्या वापरात असलेलं. मीही मराठीत बोलले, तेव्हा ते दोघं माझ्याकडे पाहतच राहिले. मग ते म्हणाले, “तुमचं मराठी छापलेलं आहे, मॅडम.” (त्यांची बोली मी ऐकली तशी लिहितेय. चुका झाल्या तर त्या माझ्या.)

त्यांच्या बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. दोघांची आई हे लहान असतानाच गेली. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिनेच ह्यांना वाढवलं. महामखम् तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. जवळच एक छोटा भजनमठ आहे, तिथे एकादशीला संध्याकाळी अभंग होतात, आणि कित्येक वर्षं पहिला सूर अक्काचा लागायचा. तिचे हे भाऊ बंगळूरला आवाजाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. अक्का जिन्यावरून पडली तेव्हा सुट्टी काढून आले आणि मग परत गेलेच नाहीत. जवळच्या पापनाशम्, तिरुनीलक्कुडीसारख्या गावांतल्या लग्नमंडपांत, देवळांत ध्वनिव्यवस्था लावून द्यायचे. लग्न केलं नव्हतं. “वेळ मिळाला नाहीं,” म्हणायचे.

अक्काच्या कानांनी वरचे सूर सोडून दिले होते. मी तिला चांगलं श्रवणयंत्र बसवून दिलं. पुढच्या खेपेला ती आली ती रागावूनच.

“बोलणं ऐकूं येतें. तंबोरा ऐकूं येत नाहीं. बोलणं मज नको, ह्या वयापर्यंत पुष्कळ ऐकलं. तंबोरा दे.”

यंत्रातली संगीतासाठीची सोयही मी लावून पाहिली. फारसा फरक पडला नाही. मी दोघांना समजावलं, की अशी यंत्रं मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज आला की त्यांना तो पंख्याचा वाटतो आणि ती तो दाबून टाकतात.

दारातून हे ओरडलेच, “तंबोऱ्याला पंखा म्हणतें तें?”

आणि तरातरा निघून गेले. अक्काला खुर्चीतच विसरून. अर्ध्या वाटेवरून परत आले तेव्हा मी आणि अक्का केळ्याच्या चकत्या खात बसलो होतो. “हा असाच,” अक्का म्हणाली, “ह्याचं डोकं आधीं जातें, पाय मागून.”

काही आठवड्यांनी ते एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर आवाजाचं गणित करणारी एक चिप. अक्काला कोणता सूर किती कमी ऐकू येतो याचा आलेख त्यांनी माझ्याकडून आधीच नेला होता; त्यावरून त्यांनी त्या चिपसाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. तंबोऱ्यापुढे माइक, मधे डबा, अक्काच्या कानांवर मोठे हेडफोन. मला मुद्दाम घरी बोलावलं होतं. अक्काने तार छेडली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मग तिने पुन्हा छेडली, मान तिरकी केली, आणि म्हणाली, “ही तार उतरलेली आहे. इतके दिवस मी अशी वाजवत होतें? कोणी सांगितलं कसं नाहीं?”

ते हसायला लागले आणि हसता हसता जिन्यावरून वर पळाले. बराच वेळ खाली आलेच नाहीत. अक्का खुंटी पिळत बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. मी मात्र वरून नाक शिंकरल्याचा आवाज ऐकला.

अडचण एकच होती. तो डबा लॅपटॉपच्या केबलने बांधलेला होता. प्रोग्रॅम लॅपटॉपमधून चिपमध्ये भरायचा, मगच चिपला काम कळायचं. वीज गेली की ती सगळं विसरायची. आणि आमच्याकडे वीज उन्हाळ्यात तर दुपारी हमखास जायची. अक्काला लॅपटॉप उघडताही येत नव्हता. मग शेजारच्या बाई ह्यांना फोन करायच्या. एकदा पापनाशमला लग्नमंडपात कर्णे लावता लावता हे खाली उतरले आणि बस पकडून थेट घरी आले. मंडपवाल्यांनी मग कुणाला तरी दुसऱ्याला बोलावलं. “डबा विसरला, अक्का रागावली,” एवढंच ते मला नंतर म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

त्याच सुमारास त्यांच्या बंगळूरच्या जुन्या मित्राने पुण्यात कंपनी काढली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच यंत्रं बनवायची होती. ह्यांनी यावं म्हणून तो मागे लागला होता. हे रोज दारात उभे राहून मला पुण्याबद्दल विचारायचे. तिथे भात मिळतो का, बस मिळते का, लोक फार बोलतात का. आणि प्रत्येक वेळी शेवट ठरलेला, “डबा आपला आपण उठला कीं मी निघालों.”

उठला म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं होतं. त्या पाटीवर मोठ्या चिपशेजारी एक छोटी आठ पायांची चिप असते. वीज गेली तरी ती काही विसरत नाही. तिच्यात प्रोग्रॅम लिहून ठेवायचा, आणि मोठ्या चिपला एका तारेने शिकवायचं, की जाग आली की आधी हिच्याकडून वाचून घे. मग लॅपटॉप नको, केबल नको, माणूसही नको.

पहिल्यांदा डबा आपोआप उठला तेव्हा ते धावत दवाखान्यात आले. “उठला! मॅडम, उठला!” माझ्यापुढे बसलेल्या रुग्ण आजोबांचाही हात हातात घेऊन त्यांनी हलवला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून दारात उभे. डबा उठला होता खरा, पण अक्काला पुन्हा तंबोरा ऐकू येत नव्हता. छोट्या चिपवर लिहायला परवानगी देणारा एक जोड त्यांनी घातलाच नव्हता. त्यामुळे ह्यांचं काही आत गेलंच नव्हतं. कारखान्यातून आलेलं नमुन्याचं काम तसंच होतं, आणि डबा तेच करत होता, इकडचा आवाज जसाच्या तसा तिकडे. “उठला,” ते म्हणाले, “पण दुसऱ्याच्या घरांत उठला.”

तो जोड घातला. आता वरच्या खोलीत डबा प्रत्येक वेळी नीट उठायचा. खाली अक्कापुढे ठेवला, की कधी उठायचा, कधी नाही. तोच डबा, तोच प्रोग्रॅम. ह्यांनी माइक बदलला, वायर बदलल्या, पाटीसुद्धा दुसरी आणली. दिवसभर जिना वर-खाली, वर-खाली. जेवतानाही एक हात डब्याच्या बटणावर. अक्का म्हणायची, “हा खालीं आला कीं वर जातो, वर गेला कीं खालीं येतो. माझे कान गेले तें बरं, ह्याच्या पायांचा आवाज तरी कमी येतो.”

कारण सापडलं तेव्हा मी तिथेच होते. दुपारी वीज गेली आणि परत आली. खालच्या खोलीतला दिवा आधी मिणमिणला, मग हळूहळू उजळला. ते दिव्याकडे पाहत एकदम स्तब्ध झाले. मी त्यांना असं उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते. वरच्या खोलीत इन्व्हर्टर होता, तिथे वीज झटकन यायची. खाली ती जुन्या स्टॅबिलायझरमधून रेंगाळत यायची. मोठी चिप थोडक्या विजेवरच जागी व्हायची आणि वाचायला धावायची. छोटी तेव्हा झोपेतच असायची. वाचायला काहीच मिळायचं नाही, आणि मोठी तशीच गप्प बसून राहायची.

“धीर नाहीं तिला,” ते म्हणाले.

“कुणावर गेली?” मी विचारलं. अक्काने ते कसं ऐकलं कोण जाणे, पण हसली तीच आधी.

मोठ्या चिपला जरा वेळ थोपवून धरतील असे दोन सुटे भाग लावायचे होते, बस. संध्याकाळपर्यंत झालं. अक्काने स्वतः भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. तिने तार छेडली आणि मान हलवली. झालं. डबा उठला होता, आपल्याच घरात.

आणि हे गेले नाहीत.

आधी म्हणाले, पेटीचा आवाज जरा कर्कश येतो, तेवढं नीट करतो. मग टाळांचा खणखणाट कमी करायचा होता. मग टाळ्यांचा. दर आठवड्याला नवा प्रोग्रॅम लिहायचे, छोटी चिप पुसायचे, पुन्हा भरायचे. पुण्याच्या मित्राचे फोन येत राहिले. “एवढं झालं कीं निघालों,” हे त्याला सांगायचे आणि कडी वर-खाली करत मलाही सांगायचे. मला वाटायचं अक्काच मनातून त्यांना सोडत नसेल. म्हाताऱ्या बाईला एकटं राहायचं म्हणजे भीती वाटणारच.

एकदा श्रवणयंत्र साफ करून घ्यायला अक्का एकटीच आली. काम झालं तरी उठेना. मग म्हणाली, “त्याला सांग, जा म्हणून. तुझं ऐकेल. तुमच्या देशालाच जातो आहे तो.”

“तुम्हाला एकटं वाटणार नाही?”

“वाटेल. पण हा येथें असतो म्हणजे माझ्याजवळ असतो असं समजतेंस तूं? हा जिन्यावर असतो.”

मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “एकादशी होऊं दे, मॅडम. मठांत डबा नीट चालला कीं मग काय राहिलं?”

त्या एकादशीला मीही गेले. छोटासा मठ, पुढे विठ्ठलाची तसबीर, तुळशीचे हार. माणसं भिंतीला टेकून बसलेली. अक्का बऱ्याच महिन्यांनी पुन्हा पहिला अभंग घेणार होती. हिरवा दिवा लागलेला, कानांवर हेडफोन, मांडीशी तंबोरा. हे खांबापाशी उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मला कुजबुजले, “सकाळीं थोडं आणखी बरं केलं आहे. पेटी आतां मधासारखी येईल.”

अक्काने आवाज लावला. स्वच्छ, बरोबर सुरात. तिच्यामागे टाळ सुरू झाले. दुसरं कडवं चालू होतं आणि वीज गेली. कुणी पणत्या पुढे सरकवल्या, गाणं थांबलं नाही. वीज लगेच परतही आली. पंखे फिरू लागले, दिवे लागले. हिरवा दिवा लागला नाही.

सकाळी घाईघाईत त्यांनी प्रोग्रॅम छोट्या चिपवर भरायला घेतला होता आणि तो पुरा भरून व्हायच्या आत केबल ओढून काढली होती. लॅपटॉपने मोठ्या चिपमध्ये घातलेला प्रोग्रॅम चालू होता, म्हणून संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही. डबा वाटेपुरत्या जोडलेल्या छोट्या बॅटरीवर तसाच चालू ठेवून मठात आणला, तिथे भिंतीच्या विजेवर घेऊन बॅटरी काढली. आता वीज जाऊन आल्यावर वाचायला अर्धवटच काहीतरी होतं. हे सगळं नंतर उलगडलं. त्या वेळी ते डब्यावर झेपावले, बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि लॅपटॉप आणायला घराकडे पळत सुटले. त्यांच्या धक्क्याने दाराशी ठेवलेल्या चपला विखुरल्या.

अक्काने हेडफोन काढून खाली ठेवले. ती एका ओळीपुरती सुराच्या वर गेली. पेटीवाल्याने चमकून पाहिलं. मग तिने डावा तळवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला, डोळे मिटले, आणि गात गातच खाली यायला लागली. भोपळ्याचं थरथरणं हाताला लागत होतं, त्यावरून ती सूर शोधत होती. सापडला, निसटला, पुन्हा सापडला. टाळ आपोआप हलके झाले. खरं सांगते, ते गाणं चांगलं झालं नाही. पण मठात कुणी हललं नाही. शेवटच्या कडव्याला ती सुरावर होती.

हे लॅपटॉप छातीशी धरून दारात आले तेव्हा अभंग संपत होता. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला घरी बोलावलं; साक्षीला बोलावलं असावं. हे वरच्या खोलीतून सगळं खाली घेऊन आले होते.

“जुनं लिही,” अक्का म्हणाली. “पहिलं होतं तें. बरं होतं.”

“अक्का, पेटी कर्कश येईल.”

“येऊं दे. पेटी कर्कशच असतें.”

त्यांनी जुना प्रोग्रॅम भरला. ह्या वेळी पुरा होईपर्यंत केबलला हात लावला नाही. अक्काने भिंतीवरचं बटण बंद-चालू, बंद-चालू केलं. प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागला. मग तिने हात पुढे केला.

“केबल दे.”

“कशाला?”

“दे म्हणतें.”

“एक बारकी चूक राहिली आहे, टाळ्यांची. आज दुपारीं—”

“डबा उठतो,” अक्का म्हणाली. “तूं केव्हां उठणार?”

त्यांनी लॅपटॉपमधून केबल काढली, तिचं वेटोळं केलं, सोडलं, पुन्हा केलं. आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने ते कमरेला खोचलं आणि स्वयंपाकघरात गेली. ते तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसले. मी उठून निघाले. माझं तिथे काही काम नव्हतं.

आठवड्याभरात ते गेले. स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. अक्का आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. गाडी यायला अवकाश होता, तरी ते फलाटाच्या कडेला जाऊन पुन्हा पुन्हा वाकून बघत होते. मला म्हणाले, डब्याचा दिवा लागला नाही तर बटण बंद करून जरा थांबा, घाई करू नका. घाई करू नका हे त्यांच्या तोंडून ऐकून मला हसू आलं, आणि त्यांनाही. मग गाडी आली.

पुण्याहून फोन येतात. “मॅडम, इथें अस्के, सगळे लोक, मज विचारतात, मराठी कोठें शिकलां? मी म्हणतों, आईजवळ. हंसतात. शेजारीण म्हणतें, तुम्ही नाटकांतलं बोलतां.” मागे कसले कसले आवाज असतात, बहुतेक ते चालता चालताच बोलत असतात. अक्काला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तिला ते निरोप लिहून पाठवतात. शब्द मराठी, अक्षरं तमिळ. तिला देवनागरी वाचता येत नाही. डबा बिघडलेला नाही. एकादशीला अक्का गाते. पेटी कर्कश येते म्हणून कुरकुरते.

मागच्या महिन्यात त्यांनी आपल्या खोलीचा फोटो पाठवला. अक्का दोन बोटांनी तो मोठा करून कोपरान् कोपरा तपासत होती. पलंग, खिडकी, खिडकीतून दिसणारी टेकडी. मग मला विचारलं, “पुण्यांत थंडी पडतें?”

“पडते की. मार्गशीर्ष-पौषात चांगलीच.”

तिने फोन बाजूला ठेवला आणि चप्पल घातली. आम्ही दोघी बाजारात गेलो. कुंभकोणमला लोकरीचा स्वेटर मिळणं सोपं नाही. रेशमी साड्यांची दुकानं ओलांडत, विचारत विचारत एका जुन्या कापडवाल्याकडे पोचलो. आम्ही घामाने निथळत होतो. तो तमिळमध्ये हसून म्हणाला, “ह्या उकाड्यात स्वेटर कुणाला, अम्मा?”

“तंबीला,” अक्का म्हणाली. धाकट्या भावाला.

त्याने माळ्यावरून खोकं काढलं, धूळ झटकली, आणि माप विचारलं. अक्काला आकडा ठाऊक नव्हता. तिने दोन्ही हात पुढे केले, ते जरा दूर नेले, जरा जवळ आणले, पुन्हा किंचित दूर नेले. दुकानदाराने अंदाज घेतला आणि तो खोक्यात शोधू लागला. तिचे हात मात्र तसेच राहिले, दोन खांद्यांएवढं अंतर मधे धरून.